नकली गिअर म्हणजे नुसता स्पीकरचा आवाज नव्हे

दादर-पार्ल्याच्या कट्ट्यांवर गाड्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: ‘इलेक्ट्रिक गाडीतले गिअर म्हणजे नुसता स्पीकरचा आवाज.’ हे अर्धंच खरं आहे.

२०२३ साली आलेली ह्युंदाई आयोनिक ५ एन घ्या. तिच्यात बदलायचे गिअर खरोखरच नाहीत, मोटरचे फेरे कमी करून चाकांना देणारी एकच कायमची जोडणी आहे. पण नकली गिअरचा मोड चालू करून स्टिअरिंगमागची पट्टी ओढली की सॉफ्टवेअर मोटरचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, क्षणभर तोडून पुन्हा देतं. अंगाला बसणारा झटका त्याचाच, म्हणजे अगदी खरा. आठ काल्पनिक गिअरपैकी खालचा टाकला तर रीजनरेशन (मोटरनंच गाडीचा वेग रोखून बॅटरीत वीज भरणं) वाढून गाडी इंजिन ब्रेकिंगसारखी आवरते. वरचा टाकायला विसरलात तर ठरलेल्या मर्यादेला ओढ थांबते. आवाज बंद केला तरी हे सगळं चालूच राहतं. यानं गाडी जास्त पळत नाही, उलट टॉर्क तुटतो. फायदा चालवणाऱ्याला: वळणाआधी वेगाचा अंदाज कानाला आणि पाठीला येतो, आणि मला तो मोलाचा वाटतो.

पोर्शे टायकानची गोष्ट वेगळी. तिच्या मागच्या ॲक्सलला खराखुरा दोन गिअरचा गिअरबॉक्स आहे.

आयोनिकच्या बाहेरच्या स्पीकरचा आवाज मात्र कोस्टल रोडवर बंदच ठेवावा. मुंबईत गोंगाट काही कमी नाही.