स्किड प्लेट (पिकअप ट्रक)

पिकअप ट्रकच्या पोटाखाली, चॅसीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) बोल्टने आवळून बसवलेला जाड संरक्षक पत्रा. दगड, झाडांचे बुंधे, दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा यांचा मार इंजिनचा ऑइल चेंबर, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारी पेटी) आणि इंधनाची टाकी यांना बसू नये, हा तिचा उद्देश. तिला बॅश प्लेट असेही म्हणतात. फक्त इंजिनाखाली येणाऱ्या तुकड्याला चेंबर गार्ड हे नाव रूढ आहे. बहुतेक गाड्यांना कारखान्यातूनच इंजिनाखाली प्लॅस्टिकचे आवरण येते. ते चिखलपाणी अडवण्यासाठी आणि हवेचा प्रवाह सुरळीत ठेवण्यासाठी असते. दगडापुढे त्याचा काहीही उपयोग नाही, त्यामुळे ते पाहून ‘आपल्या गाडीला प्लेट आहे’ असे समजू नये.

पिकअपला अशा संरक्षणाची गरज जास्त का भासते, हे तिच्या बांधणीतून कळते. चॅसीच्या दोन लांब पट्ट्यांमध्ये निम्मी यंत्रणा खाली लोंबत असते. मागे हौदा असल्यामुळे व्हीलबेसही (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) लांब असतो. चढाचा माथा ओलांडताना पुढची चाके पलीकडे उतरतात, मागची अजून अलीकडेच असतात आणि मधले पोट जमिनीला टेकते. पुढच्या बाजूचा धोका वेगळा. तिथे सर्वांत नाजूक भाग ऑइल चेंबरचा. तो पातळ दाबीव पत्र्याचा असेल तर पोचा पडून आतल्या ऑइल पंपाच्या जाळीवर दाबला जातो आणि तेलाचा ओघ आटतो. ओतीव अॅल्युमिनियमचा असेल तर सरळ तडकतो. तेल वाहून गेल्यावर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, पण तो दिसूनही इंजिन चालू ठेवले तर बेअरिंग जळायला फार वेळ लागत नाही.

प्लेट आघात गिळत नाही, तो चॅसीकडे वळवते. ट्रकचे वजन क्षणभर दगडावर टेकते, तो भार प्लेटमधून क्रॉस मेंबरवर (चॅसीच्या दोन पट्ट्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळईवर) जातो आणि गाडी घसरत पुढे निघते. म्हणूनच पत्रा किती मिलिमीटर जाड आहे यापेक्षा तो कशाला आणि कसा आवळला आहे, याला महत्त्व अधिक. लेच्यापेच्या ब्रॅकेटवर लावलेली जाडजूड प्लेट पहिल्या मोठ्या दणक्यात ब्रॅकेटसकट वर येते आणि ज्या चेंबरला वाचवायचे त्याच्यावरच आदळते.

साहित्य : पोलाद, अॅल्युमिनियम आणि उच्च घनतेचे प्लॅस्टिक असे तीन पर्याय प्रचलित आहेत. पोलादी प्लेट सामान्यतः ३ ते ६ मिमी जाडीची असते. ती वाकते पण सहसा फाटत नाही, घणाने ठोकून पुन्हा सरळ करता येते आणि दगडावरून चांगली घसरते. तिचा तोटा वजनाचा. एक मीटर लांब, ८० सेंमी रुंद आणि ५ मिमी जाड पोलादी पत्रा सुमारे ३१ किलो भरतो. तेवढ्याच आकाराचा ६ मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा १३ किलोच्या आसपास. तीन-चार प्लेटा लावल्या की हा फरक पुढच्या स्प्रिंगांना जाणवतो आणि हौद्यात भरता येणारा मालही तितकाच कमी होतो. अॅल्युमिनियम गंजत नाही, मात्र मऊ असल्याने खडकाची धार त्यात रुतते आणि गाडी घसरण्याऐवजी अडकते. कच्चे रस्ते, रेती, चिखल यांसाठी ते पुरते. खडकांवर चढण्यासाठी पोलादच घ्यावे. प्लॅस्टिकचे पत्रे सर्वांत सहज घसरतात, परंतु एक्झॉस्टजवळ ते लावता येत नाहीत. बोरॉनयुक्त पोलाद तापवून साच्यात दाबतात आणि तिथेच झटकन थंड करतात. त्यामुळे कमी जाडीतही मोठे बळ मिळते. शेव्हरोले कोलोरॅडोच्या २०१९ च्या झेडआर२ बायसन या आवृत्तीला अशा प्लेटा कारखान्यातूनच दिल्या होत्या.

बसवणी : काम सपाट, कठीण जमिनीवर करावे. हँडब्रेक ओढून, चाकांना अडणी लावून गाडी जॅकने उचलावी आणि तिचा भार जॅक स्टँड या पक्क्या आधारांवर घ्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे जिवावर बेतते. यात कसलीही सूट नाही. एक्झॉस्ट पूर्ण थंड झालेला असावा. प्लेटचे वजन हातावर पेलत बोल्ट लावण्याचा प्रयत्न करू नये. दुसरा माणूस घ्यावा किंवा प्लेट जॅकवर ठेवून हळूहळू वर आणावी.

आधी कारखान्याचे आवरण काढून चॅसीवरची आटे असलेली भोके शोधावीत. त्यांत माती आणि रंग भरलेला असतो. ती तारेच्या ब्रशने साफ करून, गरज पडल्यास टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) फिरवून मोकळी करावीत. मग सगळे बोल्ट बोटांनी दोन-तीन आटे धरतील इतकेच लावावेत. पहिला बोल्ट पूर्ण आवळला की उरलेली भोके जुळत नाहीत, आणि पान्याने जबरदस्ती केली की आटे मरतात. सगळे बोल्ट धरल्यावर प्लेट मध्यावर आणावी आणि टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत. टॉर्क उत्पादकाने दिलेलाच धरावा, ८.८ ग्रेडच्या एम१० बोल्टसाठी तो साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर असतो. आट्यांना मध्यम ताकदीचे थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावले की हादऱ्यांनी बोल्ट सैल होत नाहीत. बोल्टची डोकी प्लेटमधल्या खोलगट जागेत बसणारी हवीत. बाहेर आलेले डोके दगडावर घासून गोल होते, मग त्याला पाना धरत नाही आणि छिन्नी-हातोड्याची वेळ येते.

प्लेट इंजिन किंवा गिअरबॉक्सला कधीही जोडू नये. ही यंत्रणा रबरी माउंटिंगवर हलत असते. याच कारणाने चेंबर आणि प्लेट यांच्यात दोनएक सेंटीमीटर मोकळी जागा ठेवावी, म्हणजे पोचा पडला तरी पत्रा चेंबरला भिडत नाही. एकापेक्षा जास्त प्लेटा असतील तर त्या कौलांप्रमाणे एकमेकींवर चढवाव्यात : पुढच्या प्लेटची मागची कड खालच्या अंगाला यावी, म्हणजे पुढे जाताना कोणतीही कड दगडात अडकत नाही. शेवटी स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून आणि सस्पेन्शन खाली सोडून कुठे काही घासते का ते पाहावे.

हवेच्या फटी आणि ऑइल बदलण्याचे झाकण हे दोन तपशील खरेदीच्या वेळी हमखास नजरेआड होतात. गिअरबॉक्सखाली बंदिस्त पत्रा लावल्यास उष्णता साठते. ड्रेन बोल्टसमोर (जुने तेल काढण्याच्या बोल्टसमोर) भोक नसेल तर प्रत्येक सर्व्हिसिंगला पूर्ण प्लेट उतरवावी लागते.

देखभाल : पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत, कारण नवा रंग आणि वायसर दबून पकड कमी होते. पुढे प्रत्येक खडतर प्रवासानंतर तपासणी करावी. बोल्टवर आणि प्लेटवर मिळून रंगाची एक रेघ मारून ठेवली, तर गाडीखाली वाकून बघताच कोणता बोल्ट फिरला ते कळते.

प्लेटच्या वरच्या अंगाला साचणारा चिखल हा तिचा खरा शत्रू. तो ओल धरून ठेवतो आणि पावडर कोटिंगच्या टवक्यांखालून गंज पसरत जातो. पाण्याचा झोत वरच्या फटींतूनही मारावा. खाऱ्या पाण्यातून गाडी गेली असेल तर हे त्याच दिवशी करावे. वाळलेले गवत अडकले असेल तर ते लगेच काढावे. तापलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरजवळ (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) ते पेट घेऊ शकते. अॅल्युमिनियम आणि पोलाद ओलसर अवस्थेत एकमेकांना चिकटून राहिले की अॅल्युमिनियम झिजते, म्हणून मध्ये नायलॉनचे वायसर घालतात.

प्लेट असलेल्या गाडीत गळती उशिरा कळते. एरवी जमिनीवर पडणारा तेलाचा थेंब आता पत्र्यावर साचतो आणि मातीत मुरतो. त्यामुळे प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी झाकणातून न भागवता अधूनमधून प्लेट उतरवून सील आणि जोड उघड्यावर पाहणे आवश्यक असते. नायलॉनची कडी असलेले नट एकदा काढले की त्यांची पकड ढिली पडते. ते नवेच लावावेत.

पोचा पडलेली पोलादी प्लेट उतरवून, सपाट लोखंडावर ठेवून ठोकता येते. गाडीला लागलेली असतानाच ठोकू नये. इंधनाच्या टाकीजवळच्या प्लेटवर जागेवर वेल्डिंग तर मुळीच करू नये. बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत गेलेला तडा दिसला, भोक ताणून लांबट झाले किंवा गंजाने पत्र्याचे पापुद्रे सुटू लागले, तर ती प्लेट बदलावी. बदलताना क्रॉस मेंबरवरची भोकेही नीट पाहावीत, कारण ज्या धक्क्याने प्लेट फाटली तो तिथेही पोहोचलेला असतो.