ई-रीडर, त्यामागचे दुकान आणि मराठी पुस्तकाची फाइल : पार्श्वभूमी

मुंबईतल्या एखाद्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दालनात ई-रीडर पाहायला गेलेला वाचक बहुधा पडद्याचा आकार, बॅटरी आणि किंमत एवढेच विचारतो. हे प्रश्न गैरलागू नाहीत. पण ई-रीडरच्या वीसएक वर्षांच्या इतिहासात पडद्याचा प्रश्न फार लवकर सुटला. पुस्तक कोणत्या दुकानातून येणार आणि ते कोणत्या प्रकारच्या फाइलीत असणार, हा प्रश्न मात्र आजही पुरता सुटलेला नाही आणि मराठी वाचकासाठी त्यात छपाईच्या फाँटची जुनी गुंतागुंत मिसळलेली आहे.

अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमधील संशोधनातून 1997 मध्ये ई-इंक ही कंपनी उभी राहिली. सूक्ष्म कुप्यांमधील काळे-पांढरे कण विजेच्या प्रभावाने वर-खाली करून कागदासारखा पडदा तयार करण्याचे तिचे तंत्र सोनीने 2004 मध्ये जपानमध्ये आणलेल्या ‘लिब्री’ या यंत्रात वापरले. पडदा उन्हातही वाचता येई आणि एकदा उमटलेले पान तसेच ठेवायला वीज लागत नसे. परंतु त्यावर घेतलेली पुस्तके 60 दिवसांनी आपोआप बंद होत. उत्तम यंत्राला गैरसोयीचे दुकान जोडल्यास काय होते, याचे हे पहिले उदाहरण म्हणता येईल.

फाइलींच्या स्वरूपांची फाटाफूट याच सुमारास झाली. 1999 मध्ये ‘ओपन ई-बुक’ हे सामायिक मानक तयार झाले होते. त्याचा आधार घेऊन फ्रान्समधील मोबीपॉकेट या कंपनीने आपले ‘मोबी’ हे स्वरूप घडवले आणि 2005 मध्ये ॲमेझॉनने ती कंपनीच विकत घेतली. सप्टेंबर 2007 मध्ये ओपन ई-बुकचा वारस असलेले ‘ईपब’ हे इंटरनॅशनल डिजिटल पब्लिशिंग फोरमचे अधिकृत मानक झाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, 19 नोव्हेंबरला, ॲमेझॉनने 399 डॉलर किमतीचे पहिले किंडल बाजारात आणले, ते मोबीवरून बेतलेल्या स्वतःच्या स्वरूपाची पुस्तके घेऊन. ईपब त्यावर उघडतच नव्हते. एकाच मुळापासून फुटलेल्या या दोन फांद्या तांत्रिकदृष्ट्या फारशा दूर नव्हत्या, तेव्हा दुरावा मुख्यतः व्यापाराचा होता असे म्हणायला हरकत नाही.

स्वरूपावर आणखी एक थर चढतो, तो डीआरएमचा, म्हणजे फाइलीवर घातलेल्या डिजिटल कुलुपाचा. सोनीने पुढे ईपब स्वीकारले, 2009 मध्ये कॅनडात सुरू झालेल्या कोबो या ई-पुस्तकांच्या कंपनीनेही तेच धरले. पण विकत घेतलेल्या ईपबवर पुष्कळदा ॲडोबीचे कुलूप असते आणि ते ज्या यंत्राला वा ॲपला उघडता येते तिथेच पुस्तक वाचता येते. त्यामुळे फाइल ईपब आहे एवढ्यावरून ती कुठेही उघडेल असे धरून चालणे धोक्याचे आहे.

या कुलुपाची किल्ली दुकानाकडे असते, हे जुलै 2009 मध्ये जगाला दिसले. हक्क नसलेल्या प्रकाशकाने विक्रीस ठेवलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांच्या कादंबऱ्यांच्या प्रती ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली, पण विकलेले पुस्तक दूरवरून काढून घेता येते हे सिद्ध झाले. दुकानच उठले तर काय होते, याचेही अनुभव जमत गेले. सोनीने 2014 मध्ये उत्तर अमेरिकेतील आपले पुस्तकदुकान बंद करून ग्राहक कोबोकडे वळवले. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये ई-पुस्तकांची विक्री थांबवली, तेव्हा घेतलेली पुस्तके उघडेनाशी झाली आणि ग्राहकांना पैसे परत मिळाले. आपल्याकडे फ्लिपकार्टने 2012 मध्ये सुरू केलेला ई-पुस्तकांचा विभाग 2015 च्या अखेरीस गुंडाळला आणि वाचकांना कोबोकडे जाण्याची सोय करून दिली.

भारतीय बाजारात 2010 मध्ये अहमदाबादच्या इन्फीबीमने ‘पाय’ नावाचा ई-रीडर आणला होता. ऑगस्ट 2012 मध्ये ॲमेझॉनने रुपयांत किंमती असलेले किंडल दुकान उघडले आणि यंत्र क्रोमाच्या दालनांत मिळू लागले. पुढल्या वर्षी कोबोही आले. मात्र या दुकानांत शिरणारा मुंबईकर तेव्हा प्रामुख्याने इंग्रजी वाचक होता. किंडलच्या दुकानात मराठीचा विभाग उघडायला डिसेंबर 2016 उजाडावा लागला. हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम या भाषाही त्याच वेळी आल्या.

हा उशीर केवळ परदेशी कंपन्यांच्या अनास्थेमुळे झाला असे मानणे अपुरे ठरेल. मराठी प्रकाशन व्यवसाय शिशाच्या खिळ्यांकडून संगणकीय अक्षरजुळणीकडे वळला, तेव्हा श्रीलिपीसारख्या प्रणाली आणि पेजमेकरसारखी पृष्ठरचनेची सॉफ्टवेअरे हीच साधने हाताशी होती. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक संगणकीय मानकात, 1991 पासून जागा असली, तरी या जुन्या फाँटांत मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेले असत. छापील पान त्यातून निर्दोष निघे, परंतु तो फाँट बाजूला केला की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उरे. ईपब किंवा किंडलच्या फाइलीला असा मजकूर चालत नाही, कारण पडद्याच्या मापानुसार ओळी नव्याने जुळवायच्या तर अक्षर यंत्राला अक्षर म्हणून ओळखता आले पाहिजे. म्हणजे प्रकाशकाकडे पुस्तकाची संगणकीय प्रत असूनही तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करून, जोडाक्षरे, रफार आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांसारखी रूपे तपासत पुन्हा मुद्रितशोधन करणे भाग होते. (ॲमेझॉनच्या नावातील ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान 2008 मध्ये मिळाले.) मोजक्या प्रतींच्या आवृत्त्या काढणाऱ्या प्रकाशकाला हा खर्च सहज झेपणारा नव्हता. पीडीएफ मात्र जुन्या फाँटसह जशीच्या तशी निघत असे, आणि म्हणूनच मराठीत तिचा प्रसार सर्वांत आधी झाला.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने संकेतस्थळावर पीडीएफ रूपातच विनामूल्य मिळतात, ई साहित्य प्रतिष्ठाननेही वर्षानुवर्षे पीडीएफ पुस्तके वाटली, आणि हक्कमुक्त जुनी पुस्तके तर बहुतांशी पानांच्या छायाप्रतींच्या रूपात उपलब्ध आहेत. पीडीएफचे पान मात्र ठरलेल्या मापाचे असते. ते सहा इंची पडद्यावर आणले की अक्षर बारीक होते, आणि मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाते. ज्याचे वाचन प्रामुख्याने अशा पुस्तकांचे आहे, त्याने आठ किंवा दहा इंची पडद्याचा खर्च सोसलेला बरा, मग तो लोकलच्या गर्दीत एका हातात धरायला गैरसोयीचा का असेना.

पुण्याच्या बुकगंगाने वेगळी वाट धरली. तिथे विकत घेतलेली ई-पुस्तके त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये उघडतात. ॲप फोनवर चालते, किंडलवर किंवा कोबोवर नाही. अँड्रॉइडवर चालणारे ई-इंक यंत्र, उदाहरणार्थ चीनमधील ओनिक्स कंपनीचे बूक्स, घेतल्यास एकाच पडद्यावर अनेक दुकानांची ॲपे ठेवता येतात. किंमत अधिक आणि बॅटरीची टिकाऊ क्षमता कमी, तरीही मराठी दुकानांतून नियमित खरेदी करणाऱ्यासाठी हा पर्याय मला सर्वांत व्यवहार्य वाटतो.

किमतीत करही धरावा लागतो. छापील पुस्तकाला जीएसटी नाही. ई-पुस्तकावर तो 18 टक्के होता आणि जुलै 2018 पासून, छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकापुरता, 5 टक्के झाला.

दरम्यान ॲमेझॉनने 2022 मध्ये ईपब फाइली आपल्या ‘सेंड टू किंडल’ सेवेतून स्वीकारायला सुरुवात केली, मोबीला हळूहळू निरोप दिला आणि 26 फेब्रुवारी 2025 पासून विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकण्याची सोय काढून टाकली. मराठी विकिस्रोत या विनामूल्य ऑनलाइन ग्रंथालयातून ईपब रूपात उतरवलेले पुस्तक आजही किंडलवर केबलने टाकून उघडत नाही, ते त्या सेवेतून रूपांतरित होऊनच यावे लागते. कोबोवर तीच फाइल नुसती कॉपी केली की वाचता येते.