जुन्या गाडीचा क्लच: गियरबॉक्स उतरवण्याआधी

दहा-बारा वर्षं मुंबईत फिरलेल्या छोट्या गाडीच्या क्लचची अवस्था किलोमीटरच्या आकड्यावरून ठरवू नये. द्रुतगती मार्गावर पुण्याला जाताना क्लच क्वचितच दाबावा लागतो. संध्याकाळी बोरिवलीहून वांद्र्याला येताना मात्र पाय पेडलवरून हलतच नाही.

गाडी जागेवरून निघते तेव्हा इंजिन फिरत असतं आणि चाकं थांबलेली असतात. वेगांमधला हा फरक क्लच प्लेट घसरत घसरत मिटवते. त्या काही क्षणांत इंजिनाचा वेग कायम राहिला, तर गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते साधारण तेवढीच उष्णता प्लेटवर तयार होते. ९०० किलोची गाडी ताशी १० किमीपर्यंत नेली की सुमारे ३,५०० जूल. एवढं प्लेट सहज सोसते. खरी झीज होते उड्डाणपुलाच्या चढावर, ब्रेकऐवजी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी रोखून धरल्याने. गाडी हलत नसल्यामुळे क्लचमध्ये येणारी सगळी शक्ती उष्णतेत जाते. १०० मीटरला ५ मीटर असा चढ धरला तर हा आकडा ९०० वॉटच्या घरात, म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीएवढा, आणि तोही क्लचच्या बंद आवरणात. अशा वेळी न्यूट्रल आणि हँडब्रेक एवढंच करायचं.

प्लेट संपली का, हे मोकळ्या रस्त्यावर तपासता येतं. चौथ्या गियरमध्ये ताशी ४०वर एक्सलरेटर जोरात दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग मागेच राहिला, तर क्लच घसरतोय. केबलचा क्लच असेल तर आधी पेडलची ढील, म्हणजे क्लच सुटू लागण्याआधी पेडल किती सैल हलतं, ते बघावं. केबल जास्त ताणलेली असली तरी प्लेट पूर्ण पकडत नाही, आणि ती सैल करण्याचं काम फुकटात जमतं. पेडल दाबल्यावर घरघर आली तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर. पेडल दाबल्यावर घरघर थांबत असेल तर दोष बहुधा गियरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून गती आत नेणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगमध्ये असतो. निघताना गाडी थरथरत असेल तर इंजिन माउंटिंगही (इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार) हलवून बघायला सांगा; कधीकधी रबर फाटलेलं असतं आणि दोष क्लचला लागतो.

साध्या पेट्रोल हॅचबॅकला बाहेरच्या गॅरेजमध्ये क्लच सेट (प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग) आणि मजुरी धरून साधारण ६ ते १२ हजार रुपये लागतात. मजुरी गियरबॉक्स उतरवून परत चढवण्याची असते, मग आत एक भाग बदला किंवा तीन. म्हणून नुसती प्लेट बदलून प्रेशर प्लेट आणि बेअरिंग जुनंच ठेवणं आम्हाला अजिबात पटत नाही. त्याच वेळी क्रँकशाफ्टचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील बघावं. तिथून तेल झिरपलं तर नवी प्लेटही बिघडते. फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चाकावर, निळे डाग किंवा चरे दिसले तर ते लेथवर घासून घ्यावं लागतं. बारीक भेगा असतील तर बदलावंच. कुर्ल्याच्या बाजारात जुने भाग स्वस्त मिळतात, पण वापरलेली क्लच प्लेट घेऊ नये.

गियरबॉक्स उतरवताना अ‍ॅक्सल (चाकांना गती देणारे दांडे) काढलेलेच असतात, तेव्हा त्यांचे रबरी बूटही तपासा. बूट काही शेकड्यांत येतो. तो फाटला की ग्रीस बाहेर पडतं, पावसाळ्यात चिखल आत जातो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर चाकाकडून टक-टक ऐकू येते. त्यानंतर बुटातला जॉइंट किंवा अख्खा अ‍ॅक्सल बदलावा लागतो. पावसात तुंबणाऱ्या हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर गियर ऑइल काढून रंग पाहावा: दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, ते लगेच बदलावं.