लंडनमधली मोफत संग्रहालये : निघण्यापूर्वी हे वाचा

बेताच्या खर्चात लंडन पाहायला निघालेल्या आमच्या प्रवाशांसाठी हे पत्रक आहे. लंडनमध्ये राहणे महाग आहे, खाणेही महाग आहे. टॉवर ऑफ लंडनच्या एका तिकिटाला माणशी ३० पौंडांहून जास्त पडतात. पण याच शहरातली सर्वांत मोठी संग्रहालये पाहायला एक पेनीही लागत नाही. ब्रिटिश म्युझियम १७५९ साली लोकांसाठी उघडले आणि १९७४ मधला थोडा काळ सोडला तर ते कायम मोफतच राहिले. बाकीच्या राष्ट्रीय संग्रहालयांचे प्रवेशशुल्क डिसेंबर २००१ मध्ये संपले. ही सवलत फक्त ब्रिटिश नागरिकांना आहे असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा आहे. आपल्याकडे भारतीय आणि परदेशी पाहुण्यांसाठी वेगळे दर असतात, तसे तिथे नाही. दारावर पासपोर्टही कोणी मागत नाही.

आमचा पहिला आग्रह असा : एका दिवसात एक आख्खे संग्रहालय पाहून संपवू नका. ब्रिटिश म्युझियमकडे सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि मांडलेल्या आहेत त्यातल्या ८० हजारांच्या आसपास. तिकिटाचे पैसे दिलेले नसल्यामुळे ते वसूल करण्याचा प्रश्नच येत नाही. दीड तास नीट पाहा, बाहेर या, दोन दिवसांनी पुन्हा जा. सकाळी दहाला शिरून संध्याकाळी पाचला बाहेर पडणाऱ्या माणसाला दुपारनंतर काय पाहिले ते आठवत नाही आणि पुढच्या दिवशी पाय उचलत नाहीत.

काय मोफत, काय नाही

कायमची दालने मोफत असतात. तात्पुरत्या खास प्रदर्शनांना बहुधा तिकीट असते आणि त्यांच्याच जाहिराती दारावर मोठ्या लावलेल्या असतात. त्या पाहून प्रवेशालाच पैसे पडतात असे समजून परत फिरू नका. सायन्स म्युझियम मोफत आहे, पण आतला मुलांचा ‘वंडरलॅब’ विभाग सशुल्क आहे. इम्पीरियल वॉर म्युझियम मोफत, पण त्याच संस्थेच्या चर्चिल वॉर रूम्सना चांगले घसघशीत तिकीट आहे. ग्रिनिचमध्ये नॅशनल मॅरिटाइम म्युझियम आणि क्वीन्स हाउस मोफत, तर टेकडीवरची वेधशाळा आणि ‘कटी सार्क’ हे जहाज सशुल्क. शून्य रेखांशावर उभे राहून फोटो काढायचा एवढाच हेतू असेल, तर वेधशाळेच्या आवाराबाहेरच्या पायवाटेवरही ती रेषा दाखवलेली आहे. तिथे फोटो फुकट निघतो आणि रांगही छोटी असते. लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमला तिकीट आहे, तेव्हा ते या यादीत धरू नका.

जुने ‘म्युझियम ऑफ लंडन’ डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाले. नव्या जागेची तयारी स्मिथफील्डच्या बाजारात झाली. जुन्या गाइडबुकांत अजून बार्बिकनजवळचा पत्ता सापडतो, तिथे जाऊ नका. त्याच संस्थेचे डॉकलँड्समधले संग्रहालय वेगळे आहे आणि तेही मोफत आहे.

शून्य पौंडांचे तिकीट

प्रवेश मोफत असला तरी ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि सायन्स म्युझियम यांच्या संकेतस्थळांवर आधी वेळ राखून ठेवता येते. ते जरूर करा. तिकीट नसले म्हणून सहसा परत पाठवत नाहीत, पण गर्दीच्या दिवशी ज्यांच्याकडे वेळेचे तिकीट आहे त्यांना आधी सोडतात आणि बाकीचे पावसात उभे राहतात.

आरक्षण करताना तीन गोष्टी सांभाळा. पहिली, थेट त्या संग्रहालयाच्याच संकेतस्थळावर जा. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या इतर कंपन्या मोफत संग्रहालयाची ‘तिकिटे’ विकताना दिसतात. तिथे पैसे घेतात ते बहुधा सोबत येणाऱ्या गाइडचे. तो हवा असेल तर ठीक, पण प्रवेशासाठी ते पैसे देण्याचे कारण नाही. दुसरी, तिकीट घेताना देणगीचा पर्याय समोर येतो. देणगी ऐच्छिक आहे. रक्कम शून्य ठेवली तरी तिकीट मिळते, म्हणून शेवटचे बटण दाबण्यापूर्वी एकूण रक्कम ० आहे ना ते पाहा. दारावरच्या देणगीपेटीचेही तेच. तिच्यावर पाच पौंडांसारखी रक्कम सुचवलेली असते, तिला प्रवेशशुल्क समजू नका. मनापासून आवडले तर निघताना जरूर टाका, ही संग्रहालये मोफत राहण्यात त्या पेट्यांचाही वाटा आहे. तिसरी, तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ऐन दारात नेट गेले तर ईमेल उघडत नाही.

शुक्रवार राखून ठेवा

सहलीचा आराखडा करताना आधी कॅलेंडरमधला शुक्रवार शोधा. रोज पाच-सहाला बंद होणारी तीन मोठी संग्रहालये त्या दिवशी उशिरापर्यंत उघडी असतात : ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी (चित्रसंग्रहालय) नऊपर्यंत, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम (पुढे ‘व्ही अँड ए’) दहापर्यंत. शाळांच्या सहली दुपारीच परतलेल्या असतात, त्यामुळे संध्याकाळी दालने बरीच मोकळी होतात. सकाळी तिकिटाचे एखादे ठिकाण पाहावे, दुपारी मुक्कामी जाऊन पाठ टेकावी आणि पाचनंतर संग्रहालयात जावे. एरवी संध्याकाळी नाटक किंवा हॉटेलात पैसे जातात, ही संध्याकाळ मात्र पूर्ण फुकट पडते. ब्रिटिश म्युझियम ते ट्रफाल्गर चौकातली नॅशनल गॅलरी हे अंतर पायी वीस मिनिटांचे आहे, त्यामुळे एका शुक्रवारी दोन्ही जमतात.

या तिघांच्या इतर दिवशीच्या आणि बाकीच्यांच्या रोजच्या वेळा अशा : ब्रिटिश म्युझियम १० ते ५, व्ही अँड ए १० ते ५.४५, नॅचरल हिस्टरी १० ते ५.५० (शेवटचा प्रवेश ५.३०), सायन्स म्युझियम आणि नॅशनल गॅलरी १० ते ६. दालने मात्र बंद होण्याच्या वेळेच्या थोडी आधीपासूनच रिकामी करायला लागतात. साडेचारला ममी पाहायला निघालात तर जिन्यातच उलटे फिरावे लागते.

साउथ केन्झिंग्टन : तीन संग्रहालये, एक स्टेशन

भूमिगत रेल्वेच्या साउथ केन्झिंग्टन स्टेशनातूनच एक भुयारी पादचारी मार्ग थेट संग्रहालयांकडे जातो. पाऊस असेल तर तोच धरा. लहान मुले बरोबर असतील तर सकाळी दहालाच नॅचरल हिस्टरी गाठा आणि आधी डायनासोर पाहून घ्या, कारण अकरानंतर त्या दालनात रांग सरकत नाही. मधल्या मोठ्या दालनात छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा २५ मीटरचा सांगाडा कितीही गर्दीत दिसतो, तो नंतर पाहिला तरी चालतो. क्रॉमवेल रोडवरच्या मुख्य दारापाशी रांग लांब असेल, तर कोपऱ्यावरून वळून एक्झिबिशन रोडचे दार पाहा.

सायन्स म्युझियममध्ये चंद्राभोवती फिरून आलेले अपोलो १० चे यान प्रत्यक्ष ठेवलेले आहे. त्याच्या कवचावरच्या जळाल्याच्या खुणा जवळून पाहता येतात.

व्ही अँड ए घाईत पाहू नका. आम्हाला विचाराल तर तिघांत ते सर्वांत समृद्ध आहे आणि लोक नेमके तेच वगळतात. तिथले ‘कास्ट कोर्ट्स’, म्हणजे प्रसिद्ध शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृतींची दालने, चुकवू नका. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभाची पूर्ण आकाराची प्रतिकृती छताखाली मावेना, म्हणून दोन तुकड्यांत उभी केली आहे. टिपू सुलतानाचा लाकडी वाघही याच संग्रहालयाच्या मालकीचा. मात्र दालनांची कामे सतत चालू असतात, तेव्हा एखादी ठरावीक वस्तू पाहायची असेल तर संकेतस्थळावर तिचे नाव टाकून ती सध्या मांडली आहे का ते तपासा.

वाघनखांबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण मराठी माणूस व्ही अँड एला निघाला की मनात तीच असतात. ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या मुदतीवर महाराष्ट्रात आणली गेली आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. त्या मुदतीत लंडनला ती दिसणार नाहीत. ही वाघनखे साताऱ्यात ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट (दरबारातला प्रतिनिधी) असलेल्या जेम्स ग्रँट डफ याच्या घराण्याकडून आलेली आहेत. छत्रपती शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच, याची खात्री देता येत नाही, असे संग्रहालय स्वतः सांगते.

ब्रिटिश म्युझियममध्ये दीड तास

काय पाहायचे ते आधी ठरवून जा. रोझेटा शिला खोली ४ मध्ये, पार्थेनॉनची शिल्पे १८ मध्ये, ममी ६२ आणि ६३ मध्ये. रोझेटा शिलेभोवती दिवसभर कोंडाळे असते. उघडल्या उघडल्या किंवा शुक्रवारी संध्याकाळीच ती नीट दिसते. आपल्या लोकांनी खोली ३३ आणि तिला लागून असलेले ३३अ पाहावेच. ३३अ मध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे चुनखडीच्या दगडातले कोरीव शिलापट आहेत आणि तिथे बहुतेक वेळा शांतता असते. अर्ध्या तासाच्या मोफत मार्गदर्शित फेऱ्याही रोज असतात. त्या दिवशी कोणत्या आहेत ते आत शिरल्यावर माहिती खिडकीवर विचारा.

बॅग आणि डबा

सर्वाधिक लोक अडकतात ते सामानाने. चाकांची बॅग घेऊन ब्रिटिश म्युझियमच्या आवारात येऊ देत नाहीत, आणि ४० × ४० × ५० सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा ८ किलोंपेक्षा जड बॅग तिथे ठेवूनही घेत नाहीत. त्यामुळे हॉटेल सोडल्यावर आणि विमानाच्या आधी उरलेल्या वेळात ‘जाता जाता’ संग्रहालय करू असा बेत आखू नका. हॉटेल सोडताना सामान तिथेच ठेवून घेतील का ते विचारा. बहुतेक ठिकाणी ठेवतात. स्टेशनवरच्या सामानघरात नगामागे पैसे पडतात.

दारावर बॅग उघडून पाहतात. अडकित्ता, फळे कापायची सुरी, घडीचा चाकू मुक्कामी ठेवा. फोटोला पैसे नाहीत, पण ट्रायपॉड आणि सेल्फी स्टिक चालत नाही, आणि फ्लॅश मारण्यापूर्वी तिथली पाटी पाहा.

कॅफेत चौघांचे खाणे झाले की मोफत प्रवेशाचा आनंद तिथेच संपतो. ठेपले, चिवडा, दशम्या असा कोरडा डबा बरोबर ठेवा, फक्त दालनात उघडू नका. व्ही अँड एच्या आतल्या अंगणात आणि ब्रिटिश म्युझियमजवळच्या रसेल स्क्वेअर बागेत बसून खाता येते. पाण्याची रिकामी बाटली जवळ असू द्या, आत भरता येते. भारतातून नेताना मात्र दुधाचे आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, पनीर घरीच. सुपरमार्केटात सँडविच, काहीतरी खाऊ आणि पेय असा संच चार-पाच पौंडांत मिळतो. तिथल्या ‘व्हेजिटेरियन’ शिक्क्यात अंडे चालते हे लक्षात ठेवा. घटकांच्या यादीत अंडे ठळक अक्षरांत छापलेले असते. अंडे न खाणाऱ्यांनी यादी वाचावी किंवा ‘वीगन’ लिहिलेले घ्यावे.

येणे-जाणे

राहण्याची जागा पिकॅडिली लाइनवर मिळाली तर अर्धे काम झाले. ही एकच गाडी हीथ्रो विमानतळ, साउथ केन्झिंग्टन, लेस्टर स्क्वेअर (नॅशनल गॅलरी), होबर्न आणि रसेल स्क्वेअर (ब्रिटिश म्युझियम) जोडते. हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन लवकर पोहोचवते, पण भाडे जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त घेते.

कागदी तिकीट काढू नका. व्हिसा किंवा मास्टरकार्डचे टॅप करायचे कार्ड थेट यंत्रावर टेकवा. प्रत्येक प्रौढ माणसाला स्वतंत्र कार्ड लागते. एकाच कार्डावर नवरा-बायको दोघांना जाता येत नाही. रेल्वेत चढताना आणि उतरताना दोन्हीकडे टेकवायचे, बसमध्ये फक्त चढताना. उतरताना विसरलात तर जास्तीत जास्त भाडे कापले जाते. भारतीय बँकेचे कार्ड नाकारले जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय बँकेच्या ॲपमध्ये बंद असणे. दोन्ही इथूनच सुरू करून निघा. बस रेल्वेपेक्षा स्वस्त आहे, आणि पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे भाडे लागत नाही. अकरा वर्षांखालची मुले मोठ्यांबरोबर मोफत जातात.

गर्दी नसलेली ठिकाणे

मँचेस्टर स्क्वेअरमधले वॉलेस कलेक्शन : चित्रे, फ्रेंच फर्निचर आणि भारतीय शस्त्रे, सगळे एका हवेलीत. लिंकन्स इन फील्ड्सवरचे वास्तुविशारद सर जॉन सोन यांचे घर (आता संग्रहालय) बुधवार ते रविवारच उघडे असते. आत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात आणि वाटा अरुंद आहेत, म्हणून पाठीवरची सॅक नेऊच नका.

त्याच्या शेजारीच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले. १९२१-२२ मध्ये ते राहत होते ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. आता तिथे स्मारक-संग्रहालय आहे, प्रवेश मोफत आहे आणि चॉक फार्म स्टेशनपासून ते चालण्याच्या अंतरावर आहे. ते लहान आहे आणि निवासी वस्तीत आहे. भेटीची वेळ आधी विचारून जा आणि रस्त्यावर मोठ्या गटाने गलका करू नका. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये मैदा व्हेलमधल्या १०, हाउली प्लेसला राहिले, आणि सावरकर हायगेटच्या ६५, क्रॉमवेल अव्हेन्यूवरच्या इंडिया हाउसमध्ये. दोन्ही घरांवर ते तिथे राहिल्याच्या निळ्या पाट्या आहेत, पण घरे खासगी आहेत, त्यामुळे बाहेरूनच पाहायची.

तारखा ठरवताना

आपल्या दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आणि उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्यांनी मेचा शेवटचा आठवडा शक्यतो टाळावा. तेव्हा तिथल्या शाळांनाही मधली सुट्टी असते आणि साउथ केन्झिंग्टनला पाय ठेवायला जागा नसते. टाळता येत नसेल तर नॅचरल हिस्टरीची सकाळी दहाची वेळ काही आठवडे आधीच राखून ठेवा. नाताळात २४ ते २६ डिसेंबर ही मोठी संग्रहालये बंद असतात आणि २५ तारखेला लंडनमध्ये बस किंवा रेल्वे काहीच धावत नाही. त्या दिवसासाठी पायी फिरण्यासारखा भाग निवडा आणि जेवणाची सोय आदल्या दिवशीच करून ठेवा.