स्वेटरच्या बाह्यांखाली काय होतं?

‘अमेरिकेत लहान मुलांचा कार्यक्रम करणारा तो शांत माणूस मुळात व्हिएतनाम युद्धातला नेमबाज होता, हातावरचं गोंदण झाकायला लांब बाह्यांचे स्वेटर घालायचा.’ जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरत असतो. तो माणूस म्हणजे ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’ हा टीव्ही कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, माणूस बदलू शकतो हे सांगायचा. पण गोष्ट खरी नाही.

नुसती सनावळी मांडून पाहा. जन्म १९२८चा. १९५१मध्ये संगीताची पदवी आणि त्याच वर्षी टीव्हीत नोकरी. १९६३मध्ये ते धर्मोपदेशक झाले. अमेरिकेचं लढाऊ पायदळ व्हिएतनामात उतरलं १९६५ला, तेव्हा हे सदतिशीत. १९६८पासून देशभर त्यांचा कार्यक्रम सुरू झाला, तो २००१पर्यंत. पलटणीत जायला वेळ उरतो कुठे?

स्वेटर त्यांच्या आईने विणलेले असत. शिवाय ते नेमाने पोहायचे. गोंदण असतं तर तेव्हा दिसलंच असतं.

मला खरी गोष्टच मोठी वाटते. १९७०च्या एका भागात टाकीतला मासा मेलेला दिसतो. ते तो कागदी रुमालात गुंडाळून बागेत पुरतात आणि आपला लहानपणीचा कुत्रा मेला तेव्हा किती रडलो, ते मुलांना सांगतात.

असा मेसेज आला की आधी त्या माणसाचं जन्मसाल शोधा, मग युद्धाची वर्षं शेजारी लिहा.