पाय सकाळी वेगळा, रात्री वेगळा

दहा-बारा तास ऑफिसात बसून रात्री घरी आलात की मोजे काढून घोट्याच्या जरा वर बघा. एक खोल वळ उमटलेला असतो. मोजा सकाळीही तेवढाच घट्ट होता, दिवसभरात फुगलाय तो पाय.

हृदय रक्त खाली पायापर्यंत पोचवतं. ते परत वर चढवायला मात्र त्याला पोटरीची मदत लागते. पायाच्या शिरांमध्ये एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात. पाऊल उचललं की पोटरी आवळते, शिरा पिळल्या जातात आणि रक्त एक झडप वर सरकतं. पोटरीला ‘दुसरं हृदय’ म्हणतात ते याचसाठी. आपण खुर्चीत बसलो की हा पंप जवळजवळ बंद पडतो, खालच्या शिरांमधला दाब वाढत जातो आणि रक्तातलं पाणी आजूबाजूला झिरपू लागतं. मोज्याचा वळ त्या पाण्याचा. रात्रभर आडवं झाल्यावर सूज उतरत असेल तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. पण एकच पाय सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. ती शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते.

सूज निदान डोळ्यांना दिसते. जेवून लगेच खुर्चीत बसल्यावर रक्तात जे घडतं ते दिसतही नाही.

जेवणातून आलेली साखर सगळ्यात जास्त खपते ती स्नायूंमध्ये. पण ती पेशीत आपोआप शिरत नाही, तिला आत घेणारी प्रथिनं लागतात. ग्लुट-४ नावाची ही प्रथिनं एरवी पेशीच्या पोटात दडलेली असतात. इन्शुलिनचा निरोप आला की ती पृष्ठभागावर येतात आणि साखरेला वाट मिळते. मला सगळ्यात मोलाची वाटते ती यापुढची गोष्ट. स्नायू नुसता आकुंचन पावला तरी ही प्रथिनं वर येतात, त्यासाठी इन्शुलिन लागतच नाही. टाइप-२ मधुमेहात इन्शुलिनचा निरोप पेशीपर्यंत नीट पोचत नाही, तरी ही दुसरी वाट बऱ्याच अंशी उघडी राहते.

ऑस्ट्रेलियात डेव्हिड डन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध केला. वजन जास्त असलेल्या १९ जणांना त्यांनी एक दिवस सलग बसवून ठेवलं, तर दुसऱ्या एका दिवशी दर २० मिनिटांनी २ मिनिटं चालायला लावलं. सावकाश चालूनसुद्धा खाल्ल्यानंतरची साखरेची वाढ जवळजवळ पाव हिश्शाने कमी झाली. माणसं थोडी आणि प्रयोग काही तासांचा, त्यामुळे यावरून आयुष्यभराचं गणित मांडता येणार नाही. पण पेशीत जे घडतं त्याच्याशी हा निकाल तंतोतंत जुळतो.

मोठ्या काळाचं चित्र त्याआधी कितीतरी वर्षं लंडनच्या दुमजली बसमध्ये दिसलं होतं. बस एकच, पाळीही तीच, पण चालक दिवसभर बसून आणि वाहक दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं की चालकांमध्ये हृदयविकार जास्त होता. पुढे त्यांच्याच गटाने गणवेशाच्या मापांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चालकांच्या कमरेची मापं नोकरीच्या सुरुवातीपासूनच मोठी असल्याचं आढळलं. म्हणजे सगळा फरक काही पायऱ्यांनी पडलेला नव्हता. मात्र हालचाल हृदयाला जपते, हे नंतरच्या असंख्य अभ्यासांनी पक्कं केलं. आणि तो वाहक व्यायामासाठी वेगळा वेळ काढत नव्हता. त्याच्या पायऱ्या दिवसभर थोड्या थोड्या होत होत्या.

‘तासभर जमत नाही म्हणून काहीच करत नाही’ असं कितीजण म्हणतात! त्यांच्यासाठी २०२० ची एक दुरुस्ती फार महत्त्वाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हे माप ठेवलं, पण सलग किमान १० मिनिटं हवीतच ही जुनी अट काढून टाकली. म्हणजे दोन मजले भरभर चढलात तर तेही हिशेबात धरायचं. फोन आला की उठून उभ्याने बोला, फेऱ्या मारा. मीटिंगमधून उठताच येत नसेल तर टाचा वरखाली करत राहा, पोटरी तेवढ्यानेही आवळते. जेवण झाल्यावर लगेच बसू नका. आठवड्यातून दोनदा मात्र स्नायूंना ताकदीचं काम द्या. उठाबशा, भिंतीला हात टेकवून जोर, काहीही चालेल.

या सगळ्यासाठी झोपेतून वेळ कापू नका, एवढी माझी कळकळीची विनंती. २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना १४ दिवस रोज ६ तासच झोपू दिलं. शेवटी शेवटी त्यांचं लक्ष रात्रभर जागलेल्या माणसाइतकं चुकू लागलं. त्यांना स्वतःला मात्र ‘थोडीशी झोप येतेय’ एवढंच वाटत होतं. ‘मला कमी झोप पुरते’ असं म्हणणाऱ्याचा स्वतःबद्दलचा अंदाज म्हणूनच भरवशाचा नसतो.

आणि कामाचे तासच फार असतील तर टाचा हलवून सगळं भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. घरी आल्यावर लॅपटॉपवर केलेलं कामही त्या ५५ तासांत मोजा.

पक्षाघाताचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब, आणि तो बहुधा काहीच जाणवू देत नाही. तुमचे तास असे असतील तर या आठवड्यातच तो मोजून घ्या. आधी अर्धा तास चहा-कॉफी नको. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा त्याहून जास्त असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, आणि तरीही तसाच राहिला तर डॉक्टरांना दाखवा.