मुलांची साखर: चमचे मोजा आणि वेळाही मोजा

चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३०० किलोकॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार यातला १० टक्क्यांहून कमी भाग 'मुक्त साखरे'तून यावा; ५ टक्क्यांच्या आत राहिला तर अधिक चांगले. एक ग्रॅम साखर ४ किलोकॅलरी देते. म्हणजे कमाल मर्यादा सुमारे ३२ ग्रॅम आणि खरे लक्ष्य १६ ग्रॅम. सपाट चमचा ४ ग्रॅमचा धरला, तर आठ चमचे आणि चार चमचे. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, तेव्हा एका कॅनमध्येच हिशेब संपतो.

मुक्त साखर म्हणजे वरून घातलेली साखर, तसेच मध, सिरप आणि फळांच्या रसातली साखर. अख्ख्या फळातली आणि साध्या दुधातली साखर यात धरत नाहीत. फळ चावून खाताना वेळ लागतो, चोथ्यामुळे पोट भरते. पेलाभर रसाला तीन-चार संत्री लागतात, आणि तो रस मिनिटभरात पोटात जातो. प्यायलेल्या साखरेने भूक फारशी भागत नाही. पुढच्या जेवणात मूल तेवढे कमी जेवत नाही. म्हणून सुरुवात पेयांपासून करावी. तहानेला पाणीच द्यावे. वर्षाच्या आतल्या बाळाला रस देऊ नये. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला १२० मिलिलिटरपेक्षा जास्त नको. वर्षाच्या आत मध तर मुळीच नको, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोटुलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.

दातांच्या बाबतीत मात्र साखर किती, याइतकेच ती किती वेळा, याला महत्त्व आहे. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. सामू (पीएच; हा आकडा जितका कमी, तितके आम्ल जास्त) सुमारे ५.५ च्या खाली गेला की दातांच्या वरच्या कठीण थरातले, म्हणजे एनॅमलमधले खनिज विरघळू लागते. लाळ हे आम्ल निवळवते आणि खनिज परत भरते, पण त्याला अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. गोड पेय दोन तास घोट-घोट प्यायले, तर लाळेला सवडच मिळत नाही. तेवढेच पेय जेवणासोबत एकदा प्यायले, तर नुकसान बरेच कमी होते. गोड द्यायचेच असेल, तर जेवणाला लागून द्यावे. मधल्या वेळी नको. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे गोड दुधाची किंवा रसाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या बाळांचे वरचे पुढचे दात आधी किडतात. रात्रीचे औषधी सिरपही दात घासण्याआधी द्यावे, आणि बिनसाखरेचे मिळते का, ते विचारावे.

पाकिटावर 'एकूण साखर' लिहिलेली असते, त्यात दुधातले लॅक्टोजही येते. सुगंधी दुधाच्या १०० मिलिलिटरमध्ये ११ ग्रॅम लिहिले असेल, तर सुमारे ५ ग्रॅम दुधाचे वजा करा. उरले ६. म्हणजे २०० मिलिलिटरच्या बाटलीत तीन चमचे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फळांच्या रसाचा अर्क असे तीन-चार प्रकार थोडे थोडे घातले, की प्रत्येक जण यादीत खाली सरकतो आणि पहिल्या नंबरावर धान्य दिसते. हे सगळे एकत्र धरूनच वाचावे.

दुधात दोन चमचे साखर घालत असाल, तर दर एक-दोन आठवड्यांनी पाव ते अर्धा चमचा कमी करा. एक ते चार महिन्यांत बिनसाखरेपर्यंत पोहोचता येते. एकदम बंद केली तर मूल दूधच नाकारते, आणि घरचे हार मानून पुन्हा पहिल्याइतकी घालू लागतात. साखरेऐवजी मध घालणे ही निव्वळ अदलाबदल आहे. कृत्रिम गोडव्याने दातांचे भले होते, पण जिभेची गोडाची सवय तशीच राहते. 'भाजी संपव, मग चॉकलेट' हा सौदाही टाळावा. भाजी ही शिक्षा आणि गोड हे बक्षीस, असे मुलाच्या मनात पक्के होते. नवी भाजी मात्र आठ-दहा वेळा, चिमूटभरच, पण आग्रह न करता पुढे ठेवावी.

दोन वर्षांखालच्या मुलाला वरची साखर देऊच नये, हा नियम सर्वांत जपण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये १९५३ मध्ये साखरेचे रेशनिंग उठले आणि खप जवळपास दुप्पट झाला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत रेशनिंग अनुभवलेल्यांना पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्के आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्के कमी आढळला. साखरेने मुले अतिचंचल होतात, हा समज मात्र नियंत्रित चाचण्यांत टिकलेला नाही.

जुलाबात ही काटकसर बाजूला ठेवावी. ओआरएसमधले ग्लुकोज आतड्यातून सोडियम शोषायला मदत करते आणि त्यासोबत पाणी आत जाते, म्हणून पाकिटावर सांगितल्याइतक्याच पाण्यात पूर्ण पाकीट मिसळावे. त्याऐवजी शीतपेय किंवा गोड रस देऊ नये; त्यातली जादा साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.